वाळूतले जीव मोजले, संख्येत फरक दिसला नाही. मग आम्लीकरणाचा परिणामच नाही का?

प्रश्न: सोलापुरात एम.एस्सी. (प्राणिशास्त्र) करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा. अभ्यास सहलीत रत्नागिरीहून किनाऱ्याची वाळू आणि समुद्राचं पाणी आणलं. मोठे प्राणी चाळून काढले आणि दोन काचेच्या टाक्या केल्या. एकीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पाण्याचा सामू (pH; तो जितका कमी तितकं पाणी जास्त आम्लधर्मी) 7.7 केला, दुसरी तशीच ठेवली, दोन्हींत हवेचा पंप लावला. पंधरा दिवसांनी वाळूतले सूक्ष्म प्राणी गाळून, रंगवून मोजले. दोन्हीकडे आकडा जवळपास सारखा, बहुतेक सगळे सूत्रकृमी (दोऱ्यासारखे बारीक कृमी). महासागराच्या आम्लीकरणाचा या प्राण्यांवर परिणाम होत नाही, असा निष्कर्ष प्रकल्पात लिहू का?

उत्तर:

नका लिहू. पण प्रकल्प फेकूनही देऊ नका. मोजलेले नमुने बाटलीत जपून ठेवले असतील तर त्यांतून अजून बरंच काढता येईल. माझं बरंचसं आयुष्य कोकणच्या वाळूतले हे प्राणी पाहण्यात गेलं आणि आता मुक्काम सोलापुरात आहे. त्यामुळे तुमच्या टाकीत काय झालं असेल याचा अंदाज दोन्ही बाजूंनी करता येतो.

पाठ्यपुस्तकातला भाग तुम्हाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दहा लाख भागांत साधारण 280 भाग कार्बन डायऑक्साइड होता, आज तो 420 च्या वर आहे. माणसाने सोडलेल्या या वायूचा जवळपास चौथा हिस्सा समुद्र पितो. सोलापूरजवळच्या आहेरवाडीच्या 1320 मेगावॉटच्या वीजकेंद्रात जळणाऱ्या कोळशाचा हिशेबही त्यात आला. (साखर कारखान्यांत जळणाऱ्या बगॅसचा हिशेब वेगळा, उसाने तो कार्बन वर्षा-दीड वर्षापूर्वीच हवेतून घेतलेला असतो.) हा वायू पाण्यात विरघळला की आम्ल बनतं, त्यामुळे समुद्राच्या वरच्या थराचा सामू सुमारे 8.2 होता, तो 8.1 झाला. सामूची मोजपट्टी लॉगरिदमिक (एक अंक म्हणजे दसपट) असल्याने या एका दशांशाचा अर्थ हायड्रोजन आयन पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढले असा होतो. पाणी अजून अल्कधर्मीच आहे. उत्सर्जन असंच चढत राहिलं तर 2100 पर्यंत सामू 7.7–7.8 च्या आसपास येईल. म्हणजे तुम्ही निवडलेला आकडा योग्य होता.

आता वाळूकडे येऊ. इथे बहुतेक लोक फसतात, कारण वरच्या पाण्याचा सामू म्हणजेच वाळूतल्या प्राण्याचा सामू असं ते धरून चालतात. हा प्राणी राहतो दोन कणांच्या फटीत, आणि त्या फटीतलं पाणी वेगळंच असतं. वाळूतले जिवाणू सेंद्रिय कचरा कुजवतात, ऑक्सिजन संपवतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. वरचं पाणी 8.1 असलं तरी काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर खाली गेलं की सामू 7.5 च्या घरात, कधी त्याहूनही खाली सापडतो. किनाऱ्यावर टाचेने वाळू उकरली की खाली काळा थर लागतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो, तिथे ऑक्सिजन संपलेला असतो. शिवाय हे दिवसभर एकसारखं राहत नाही. ओहोटीच्या वेळी ऊन पडलं की वाळूवरचे डायटम (एकपेशीय शेवाळ) प्रकाशसंश्लेषण करतात आणि वरच्या थराचा सामू चढतो, रात्री तो उतरतो. एका दिवसात होणारी ही चढउतार खुल्या समुद्रात शंभर-दोनशे वर्षांत झालेल्या बदलाहून मोठी असू शकते.

म्हणजे हवामानबदल सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून हे प्राणी कमी सामूच्या पाण्यात राहत आलेत. तुमच्या निकालातला खरा भाग हाच. 7.7 ला सूत्रकृमी पटापट मरतील अशी अपेक्षाच नव्हती. आपल्याकडच्या डाळिंबवाल्यांना मुळांवर गाठी करणारा सूत्रकृमी किती चिवट असतो ते चांगलं ठाऊक आहे. समुद्रातले त्याचे भाऊबंद मुळांना त्रास देत नाहीत, पण चिवटपणा तोच. अंगावर जाड, कोलेजनची त्वचा, शरीरात चुना नाही, कमी ऑक्सिजनची सवय. जपानमधल्या एका गटाने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाळूतल्या सूक्ष्म प्राण्यांना जवळपास दोन महिने वाढीव कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवलं होतं, त्यांनाही संख्येत ठळक फरक मिळाला नाही. तुमचा आकडा जगावेगळा नाही.

अडचण आहे ती ‘एकूण संख्या’ या मापात. मॉली मेअर या इंग्लिश संशोधिकेने 1942 साली या आकाराच्या प्राण्यांना वेगळा गट म्हणून नाव दिलं (मीओबेन्थॉस), आणि तो गट चाळणीवरून ठरतो: एक मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडणारे आणि सुमारे 63 मायक्रॉनच्या (काही जण त्याहून बारीक घेतात) चाळणीवर अडकणारे. एका चौरस मीटर वाळूत असे दहा लाखांच्या घरात प्राणी सहज असतात. पण चाळणीला नातं कळत नाही. तिच्यावर सूत्रकृमी येतात, हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड (कोळंबीच्या दूरच्या नात्यातले बारीक जीव) येतात, ऑस्ट्राकॉड, गॅस्ट्रोट्रिक, जलअस्वलं, चपटे कृमी येतात, एकपेशीय, कवचवाले फोरॅमिनिफेरा (थोडक्यात फोरॅम) येतात आणि मोठेपणी शिंपले होणारी पिल्लंही येतात. त्यांतला प्रत्येक गट आम्लाशी आपापल्या पद्धतीने वागतो. सूत्रकृमी बहुतेक ठिकाणी निम्म्याहून जास्त, कधी नव्वद टक्क्यांपर्यंत असतात. एकूण आकडा पाहिला की तुम्ही सूत्रकृमीच पाहता, बाकीचे त्या गर्दीत दिसेनासे होतात.

सगळ्यात आधी फोरॅमिनिफेरा बघा. त्यांचं कवच बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बोनेटचं, पण चुना सगळा सारखा नसतो. पोर्सेलीनसारखं पांढरं, गुळगुळीत कवच असणाऱ्यांच्या कॅल्साइटमध्ये मॅग्नेशियम जास्त असतं आणि ते लवकर विरघळतं. काचेसारखं पारदर्शक कवच असणाऱ्यांत सहसा मॅग्नेशियम कमी, ते जास्त टिकतं. तिसरा प्रकार वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्यांचा, त्यांना याची फारशी फिकीर नाही. इटलीतल्या इस्किया बेटाजवळ समुद्रतळातून ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांनी बाहेर पडतो आणि आजूबाजूच्या पाण्याचा सामू पायरीपायरीने उतरतो. तिथे बुडबुड्यांच्या जागेकडे जावं तसे चुन्याच्या कवचाचे फोरॅम कमी होत जातात आणि वाळू चिकटवणारे उरतात. पंधरा दिवसांच्या टाकीपेक्षा मला हा पुरावा जास्त वजनदार वाटतो, कारण तिथले जीव पिढ्यान्‌पिढ्या त्याच पाण्यात राहत आले आहेत.

आणखी जुना पुरावा खडकांत आहे. सुमारे 5.6 कोटी वर्षांपूर्वी हवेत आणि समुद्रात प्रचंड कार्बन मिसळला, पृथ्वी तापली, खोल समुद्रात चुना विरघळू लागला. त्या वेळी खोल तळावरच्या फोरॅमच्या जवळपास तीस ते पन्नास टक्के जाती नाहीशा झाल्या. आपण ज्या काळ्या पत्थरावर राहतो तो दख्खनचा लाव्हा त्याआधी, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे ही घटना आपल्या खडकाहूनही अलीकडची. आम्ल, उष्णता आणि ऑक्सिजनची टंचाई तेव्हा एकत्रच आली होती, त्यामुळे सगळा दोष एकट्या आम्लावर टाकता येत नाही. आजही ती तिन्ही एकत्रच येताहेत, म्हणून ही घटना अभ्यासायला उपयोगी.

कोपेपॉडची गोष्ट निराळी. त्यांच्या अंगावर चुन्याऐवजी कायटिन (किड्यांच्या कवचात असतं ते द्रव्य) असतं, म्हणून कवच विरघळण्याचा प्रश्न नाही. पण शरीरातला आम्ल-अल्क तोल राखायला ऊर्जा लागते आणि ती कुठून तरी काढावी लागते, बहुतेकदा अंड्यांच्या वाट्यातून. टिस्बे बट्टाग्लिआय या हार्पॅक्टिकॉइडवर इंग्लंडमध्ये काही पिढ्या प्रयोग झाला, निकाल 2012 साली प्रसिद्ध झाला: सामू कमी असताना पिढीगणिक पिल्लांची संख्या घटत गेली. प्रौढ प्राणी मोजले असते तर बराच काळ काहीच दिसलं नसतं. आणि हे कोपेपॉड म्हणजे बोय आणि अनेक लहान माशांच्या पिल्लांचं पहिलं अन्न. सूत्रकृमी वाढून कोपेपॉड घटले तर एकूण संख्या तीच राहील, पण माशाच्या पिल्लाच्या तोंडात पडणारं बदललेलं असेल.

शिंपल्यांच्या पिल्लांबद्दल एकच सांगतो. अमेरिकेत मार्क ग्रीन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नुकतीच तळावर उतरलेली, मिलिमीटरहून लहान शिंपल्यांची पिल्लं वाळूच्या वरच्या थरातल्या आम्ल पाण्यात अक्षरशः विरघळून मरतात, आणि तिथे शिंपल्यांचा चुरा मिसळला की जास्त पिल्लं टिकतात. म्हणजे वाळूत चुना किती, यावर बरंच अवलंबून. रत्नागिरीजवळच्या काही किनाऱ्यांवर काळी, इल्मेनाइट या खनिजाची वाळू आहे, काही ठिकाणी शिंपल्यांच्या तुकड्यांनी भरलेली पांढरट वाळू आहे. दोन्हींत सारखंच आम्ल घातलं तरी फटीतल्या पाण्याचा सामू सारखा उतरणार नाही, कारण शिंपल्यांचा चुरा आधी स्वतः विरघळून आम्ल खाईल. तुमची वाळू कुठली होती हे तुम्ही लिहिलेलं नाही. चिमूटभर कोरड्या वाळूवर आम्लाचा थेंब टाकून फेस येतो का पाहा आणि ते प्रकल्पात नोंदवा.

पुढचा परिणाम सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा: कोण कोणाला खातो ते बदलणं. इंग्लंडमध्ये भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले जीव टाक्यांत ठेवून सामू आणि तापमान दोन्ही बदलून पाहिलं, 2011 साली ते प्रसिद्ध झालं. सामू उतरला, पाणी तापलं, तेव्हा मोठे अपृष्ठवंशीय प्राणी कमी झाले आणि सूत्रकृमी वाढले. संशोधकांनी कारण दिलं ते असं की सूत्रकृमींना खाणारे आणि त्यांच्याशी अन्नासाठी झगडणारे घटले. तुमच्या टाकीत मोठा प्राणी एकही नव्हता, ते तुम्ही चाळून आधीच काढले होते. त्यामुळे हा परिणाम तिथे दिसण्याची सोयच नव्हती.

आता थेट तुमच्या टाकीबद्दल. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर, सांगली, मंगळवेढा करत सोलापूर म्हणजे वाळूचा दिवस प्रवासात जातो. बंद पिशवीत ओल्या वाळूतला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि कोपेपॉड त्याला सगळ्यात आधी बळी पडतात. दोन्ही टाक्यांत ‘बहुतेक सगळे सूत्रकृमी’ निघाले, त्याचं एक कारण मला हेच दिसतं: आम्ल घालण्याआधीच नाजूक मंडळी गेलेली होती. प्रवास करायचाच तर वाळू पातळ थरात, रुंद डब्यात, वर थोडंसंच समुद्राचं पाणी ठेवून, बर्फाच्या पेटीत पण बर्फाला न टेकवता आणावी. निघताना किनाऱ्यावरच एक नमुना टिकवून ठेवावा, म्हणजे वाटेत काय मेलं ते कळतं.

दुसरं, आम्ल. हायड्रोक्लोरिक आम्लाने सामू उतरतो, पण पाण्याची अल्कता (आम्ल पचवण्याची क्षमता) घटते. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो तेव्हा अल्कता तशीच राहते, विरघळलेला कार्बन वाढतो. सामू दोन्हीकडे 7.7 दिसेल, पण बायकार्बोनेटचं प्रमाण वेगळं असेल. शिवाय तुम्ही एकदाच आम्ल घालून पंप चालू ठेवला. पंपाने जास्तीचा कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि सामू एक-दोन दिवसांत पुन्हा वर सरकतो. शेवटच्या दिवशी सामू मोजला होता का? नसेल तर प्राणी पंधरा दिवस 7.7 मध्ये होते असं म्हणता येत नाही. सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड आणि सामूवर चालणारा झडप-नियंत्रक मिळाला तर उत्तम. मत्स्यालयातल्या वनस्पतींसाठी असा संच बाजारात मिळतो, महाविद्यालयाला तो परवडण्यासारखा आहे.

तिसरी शंका खास सोलापूरची. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी झपाट्याने आटतं. ते कशाने भरून काढलंत? नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने भरलं असेल तर सगळा प्रयोग तिथेच फिरला. समुद्राच्या पाण्याची अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला 115 ते 120 मिलिग्रॅम. आपल्याकडे काळ्या पत्थरातल्या बोअरची सहज दुप्पट-तिप्पट असते, हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो त्याचाच. बोअरची अल्कता 300 धरली तर वीस लिटरच्या टाकीत अर्धा-पाऊण लिटर पाणी पडताच तुम्ही घातलेल्या आम्लाने कमी झालेली अल्कता भरून निघते. ही अल्कता आपल्या बेसाल्टच्या झिजेतून येते, आणि सीना-भीमा-कृष्णा अशी वाहत शेवटी बंगालच्या उपसागराला मिळते. तिथे तिचं काम चालतं ते ठीक, पण तुमच्या टाकीत तिला जागा नाही. आटलेलं पाणी डिस्टिल्ड पाण्यानेच भरावं आणि क्षारता रोज बघावी.

आणि तापमान. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या प्रयोगशाळेच्या खोलीत जे तापमान असतं ते रत्नागिरीच्या पाण्याला कधीच नसतं. इन्क्युबेटर नसेल तर हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करा.

मेलेल्यांचा प्रश्न शेवटी ठेवला, कारण तुमचा निष्कर्ष सगळ्यात जास्त त्यानेच बिघडू शकतो. रोझ बेंगाल या रंगाने प्राणी गुलाबी होतो, पण नुकताच मेलेलाही गुलाबी होतो. कॅलिफोर्नियापासून दूर, तीन हजार मीटरहून खोल तळावर मॉन्टेरी बे अ‍ॅक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटच्या मदतीने द्रवरूप कार्बन डायऑक्साइड सोडून पाहिला होता. त्या काळी तो वायू खोल समुद्रात साठवता येईल अशी कल्पना चर्चेत होती. तळावरच्या सूक्ष्म प्राण्यांच्या संख्येत आधी ठळक फरक दिसला नाही. सूत्रकृमींच्या शरीरांची अवस्था नीट तपासल्यावर मात्र कळलं की त्यांतले बरेच मेलेले होते. थंडीत शरीरं कुजली नव्हती, इतकंच. तुमच्याकडे थंडी नाही, तरी पंधरा दिवसांत सूत्रकृमीचं शरीर पुरतं नाहीसं होईलच असं नाही. पुढच्या वेळी थोडे प्राणी टिकवण्याआधी जिवंत बघा. वळवळतो तो जिवंत, याहून साधी कसोटी नाही.

टिकवण्याचंही बघून घ्या. नुसतं फॉर्मलिन कालांतराने आम्लधर्मी होतं आणि फोरॅमचं कवच खातं. त्यात टाकणखार मिसळलेला नसेल आणि कवचं निस्तेज, खडूसारखी, कडा झिजलेली दिसत असतील, तर ते तुमच्या बाटलीतलं आम्लीकरण आहे, टाकीतलं नव्हे. फोरॅमसाठी 70 टक्के अल्कोहोल जास्त सुरक्षित.

आता हातात असलेल्या नमुन्यांचं काय करायचं? सूत्रकृमींची जात ओळखणं तुम्हाला या टप्प्यावर जमणार नाही आणि त्याची गरजही नाही. त्यांना ग्लिसरीनमध्ये स्लाइडवर घ्या, तेलाच्या भिंगाखाली फक्त तोंड पाहा. वीझर या संशोधकाने 1953 साली तोंडावरून चार गट पाडले ते आजही चालतात: एक, तोंडाची पोकळी जवळजवळ नसलेले, जिवाणू टिपणारे; दोन, मोठी पण बिनदाती पोकळी असलेले; तीन, लहान दातांनी डायटम फोडणारे किंवा खरवडणारे; चार, मोठे जबडे किंवा दात असलेले, इतर प्राणी खाणारे. दोन्ही टाक्यांतले प्रत्येकी शंभरेक सूत्रकृमी असे वाटून घ्या. संख्या सारखी असूनही गटांचं प्रमाण बदललेलं निघालं तर तुमच्याकडे खरा निकाल आहे. नाही निघालं तरी आत्तापेक्षा तुम्ही पुढे आहात. शिवाय फोरॅम वेगळे काढून पोर्सेलीनचे, काचेचे आणि वाळूचे असे तीन ढीग करा.

प्रकल्पात वाक्य असं ठेवा: ‘हायड्रोक्लोरिक आम्लाने सुरुवातीचा सामू 7.7 केलेल्या टाकीत पंधरा दिवसांनी सूक्ष्म प्राण्यांच्या एकूण संख्येत फरक आढळला नाही. सामू कालावधीभर स्थिर ठेवलेला नव्हता आणि प्रयोगात पुनरावृत्ती नव्हती.’ दोन टाक्यांवर सांख्यिकी लावू नका. एका टाकीतून दहा नमुने घेतले तरी ती एकच टाकी राहते. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने हे विचारण्याआधी तुम्हीच लिहिलेलं बरं. आणि साध्या सामू-पेनने रत्नागिरीच्या पाण्याचा सामू मोजून ‘आम्लीकरण आढळले’ असं तर अजिबात लिहू नका. खुल्या समुद्राचा सामू वर्षाला सुमारे 0.002 ने उतरतो आणि त्या पेनची चूकच 0.1 पर्यंत असते.

पुन्हा वाळू आणायची असेल तर पावसाळा ओसरल्यावर काही आठवडे जाऊ द्या. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खालचं कमी ऑक्सिजनचं, कमी सामूचं पाणी वर येतं आणि उथळ तळावर पसरतं. त्याच सुमारास घेतलेला नमुना म्हणजे निसर्गाने आधीच चाळलेला. डिसेंबरात पौर्णिमा किंवा अमावास्येच्या उधाणाची ओहोटी पाहून जा, 20 मिलिलिटरच्या सिरिंजचं पुढचं तोंड कापून तिनेच वाळूचे उभे गाभे काढा, प्रत्येक गाभ्याचे वरचे पाच सेंटिमीटर एकेक सेंटिमीटरने कापून वेगळ्या डब्यांत ठेवा. खोलीनुसार सामू बदलतो हे वर सांगितलंच. सगळी वाळू एकत्र कालवली की ती माहिती कायमची जाते.